लिथियम सोडायचंय, तेही कुणाला न सांगता

पत्राचा सारांश: पत्रलेखक 36 वर्षांचे, तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. त्यांना बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी बेफाम चढतं तर कधी पार खचतं. 2016 च्या मार्चमध्ये पहिला मेनिया (मन बेफाम चढण्याचा झटका) झाला, 18 दिवस दवाखान्यात राहावं लागलं. 2019 च्या एप्रिलमध्ये दुसरा, "तेव्हा दोन महिने गोळ्या बंदच होत्या". त्यानंतर मूड स्थिर ठेवणारं लिथियम रोज 900 मिलिग्रॅम (सकाळी एक गोळी, रात्री दोन) आणि झोपताना क्वेटियापिन ही मूड आवरणारी दुसरी गोळी, 100 मिलिग्रॅम. 2020 पासून आजाराने डोकं वर काढलेलं नाही. पण हात थरथरतो, फळ्यावर रेघ सरळ येत नाही. सारखी तहान लागते, लघवीला रात्री तीनदा उठावं लागतं. वजन 9 किलो वाढलंय. "मुलगी पळत येऊन बिलगते, तरी आत काही हलत नाही." एका नातेवाइकाने किडनी जाईल म्हणून सांगितलंय. लिथियम बॅटरीत घालतात, हेही त्यांनी मोबाइलवर वाचलंय. गेल्या मे महिन्यात कोकणात गेले असताना तीन दिवस गोळ्या घरीच राहिल्या आणि काहीच झालं नाही. म्हणून 1 जानेवारीपासून गोळ्या बंद, पत्नीला आणि डॉक्टरांना सांगायचं नाही, सहा महिने नीट गेले की मग सांगायचं, असा बेत आहे. "यात चूक काय?" असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार सर,

गोळ्या नकोशा होणं यात चूक काहीच नाही. इतकी वर्षं न चुकता औषध घेणाऱ्या माणसाला कधीतरी "आता पुरे" वाटणारच. तुमच्या तक्रारीही खऱ्या आहेत, त्यातली एकही मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. मला काळजी वाटते ती दोन गोष्टींची: एका दिवसात बंद करण्याची आणि लपवून बंद करण्याची.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ओझरती लिहिली आहे, "तेव्हा दोन महिने गोळ्या बंदच होत्या". म्हणजे जो प्रयोग 1 जानेवारीला करायचा म्हणता, तो एकदा होऊन गेलाय आणि त्याचं उत्तरही तुमच्या हातात आहे. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे गणिताच्या शिक्षकाला मी काय सांगणार. पण हे उदाहरण तुमच्याच शरीराचं आहे. "2020 पासून ठणठणीत आहे, म्हणजे आजार गेला" असं तुम्ही धरून चालला आहात. या सगळ्या वर्षांत गोळ्या चालूच होत्या. त्यामुळे त्यांच्यावरून एवढंच म्हणता येतं की गोळ्या लागू पडल्या.

कोकणातल्या तीन दिवसांचंही तसंच. लिथियम चुकलं तर तलफ येत नाही, अंग दुखत नाही, घाम सुटत नाही. व्यसन लागणारं हे औषधच नाही. त्यामुळे तीन दिवसांत काही न जाणवणं हे अपेक्षितच होतं. लिथियम बंद केल्यावर आजार उलटतो तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि एकदम बंद केलं तर बहुधा मेनियाच्या रूपाने. 1993 साली इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दोन आठवड्यांच्या आत लिथियम तोडलेले आणि त्याहून सावकाश कमी केलेले, अशी त्यात तुलना होती. झटपट बंद केलेल्यांचा आजार लवकर उलटला आणि जास्त जणांचा उलटला. औषध संपणं हा एक धोका, आणि ते फार वेगाने संपणं हा त्यावर आणखी एक. दुसरा पूर्णपणे टाळता येतो. तो तुम्ही विनाकारण पत्करताय.

आता तक्रारींकडे येऊ. माझ्या मते औषध सोडण्याचा विचार करण्याआधी एवढं एक काम व्हायलाच हवं.

रक्तात लिथियम किती आहे, हे शेवटचं कधी तपासलं? ही तपासणी शेवटच्या डोसनंतर बरोबर 12 तासांनी करायची असते. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त द्यायचं, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. इथे फार जणांचं चुकतं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटा चढा येतो. नेहमीच्या देखभालीसाठी ही पातळी साधारण 0.6 ते 0.8 (मिलिमोल प्रति लिटर) असावी लागते. तुमची समजा 0.95 आली, तर हाताची थरथर आणि तहान यांचं निम्मं कारण तिथेच सापडेल, आणि डोस 150 मिलिग्रॅमने उतरवला तरी फरक पडू शकेल. थरथर तरीही राहिली तर चहा-कॉफी किती होते ते बघा. प्रोप्रॅनोलॉल नावाच्या गोळीचाही उपयोग होतो, मात्र दमा असेल तर ती चालत नाही. सगळं लिथियम रात्री एकदाच घेतल्याने बऱ्याच जणांची लघवी आटोक्यात येते. हा बदल डॉक्टरांनी करायचा, कारण त्यानंतर पातळीचा आकडा वेगळ्या पद्धतीने वाचावा लागतो. वजनाचं म्हणाल तर तहान कशाने भागवता हे एकदा प्रामाणिकपणे मोजा. सरबत, कोल्ड्रिंक आणि दिवसाचे पाच-सहा गोड चहा 9 किलोंचा बराच हिशेब देतात. क्वेटियापिननेही भूक वाढते, त्यामुळे सगळा दोष लिथियमचा नसेल.

"आत काही हलत नाही" हे वाचून मात्र मी थांबलो. याची तीन कारणं असू शकतात. लिथियमने थायरॉइड मंदावतो, आणि मंद थायरॉइडचा माणूस अगदी असाच दिसतो: सुस्त, जाड, कशातच रस नसलेला. टीएसएच या साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि थायरॉइडच्या गोळीने सुधारतं. दुसरं कारण म्हणजे हे छुपं नैराश्य असेल. बायपोलरमध्ये नैराश्याचे दिवस मेनियापेक्षा बरेच जास्त असतात आणि ते दरवेळी रडत येत नाहीत. तसं असेल तर लिथियम काढल्याने ते वाढेल. तिसरं कारण औषधाचा खरोखरचा बोथटपणा, आणि त्यावर डोस कमी करणं हा रास्त उपाय आहे. तीन कारणांची औषधं तीन दिशांची. कोणतं कारण आहे हे न बघता गोळ्या फेकणं म्हणजे गणित न वाचता उत्तर लिहिणं.

किडनीबद्दल नातेवाईक अगदीच खोटं बोलले नाहीत. वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्या काही जणांच्या किडनीचं काम मंदावतं. ते हळूहळू होतं, म्हणूनच दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), टीएसएच आणि कॅल्शियम बघायचं असतं. किडनीला रोजच्या गोळीहून मोठा धोका असतो तो लिथियमची पातळी अचानक चढण्याचा. अंगदुखीवर दुकानातून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने ती चढते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, जुलाब-उलट्यांनी, भर उन्हात पाणी कमी पडल्याने, निर्जळी उपवासाने आणि एकाएकी मीठ तोडल्यानेही चढते. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. आणि बॅटरीचं म्हणाल, तर मोबाइलमध्ये असते तसली बॅटरी 1991 साली बाजारात आली. लिथियमचा मेनियावरचा उपयोग ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी 1949 मध्येच लिहून ठेवला होता.

हे सगळं करूनही "मला बंदच करून बघायचंय" असं वाटलं, तर तो तुमचा हक्क आहे, आणि चांगला डॉक्टर तो नाकारत नाही. मला विचाराल तर दोन मेनिया, त्यातला एक दवाखान्यात नेणारा आणि दुसरा गोळ्या सोडल्यावर आलेला, असा इतिहास असताना मी शून्यावर जायचा सल्ला देणार नाही. कमीत कमी किती डोसवर तुम्ही नीट राहता, हे शोधायला सांगेन. दोन्हींची सुरुवात एकाच वाटेने होते, त्यामुळे ती वाट नीट सांगतो.

आधी महिना. तुमचे दोन्ही मेनिया मार्च-एप्रिलमधले आहेत. ऋतूशी बांधलेला आजार पुष्कळांचा असतो. 1 जानेवारीला औषध तोडलं तर सगळ्यात धोक्याचे आठवडे नेमके तुमच्या वाईट महिन्यांत येतात, आणि त्यातच दहावीची परीक्षा, पेपर तपासणी, रात्रीची जागरणं. त्यापेक्षा जुलै बरा. जुलै ते सप्टेंबर कमी करत न्यायचं, ऑक्टोबर ते डिसेंबर बारकाईने लक्ष ठेवायचं, आणि मार्च उजाडण्याआधी आपण कुठे आहोत ते कळलेलं असेल. गणपतीत जागरण करायचं नाही, एवढं मात्र आधीच ठरवून टाका. घरात लग्न, बांधकाम, बदली, कुणाचं आजारपण यातलं काही असेल तर ते वर्ष सोडून द्या.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की लिथियम किमान 4 आठवडे, आणि शक्यतो 3 महिने घेऊन उतरवावं. तुमच्या 900 चं उदाहरण घेऊ: 750, 600, 450, 300, 150 आणि मग शून्य, प्रत्येक पायरीवर दोन ते तीन आठवडे. हा नमुना आहे, तुमची पायरी डॉक्टर ठरवतील. 300 ची साधी गोळी मध्ये खाच असेल तर अर्धी करता येते. हळूहळू विरघळणाऱ्या, म्हणजे पाकिटावर एसआर किंवा सीआर लिहिलेल्या गोळ्या चुरडायच्या किंवा चावायच्या नाहीत. त्या अर्ध्या करता येतात का, हे औषधविक्रेत्याला विचारून घ्या. एक दिवसाआड गोळी घेऊन डोस "कमी" करू नका, त्यात रक्तातली पातळी रोज वर-खाली होत राहते. दोन औषधं एकाच वेळी हलवू नका. लिथियम उतरत असताना क्वेटियापिन आहे तिथेच राहू द्या, झोपेला तेवढा आधार राहतो. पायऱ्या उतरताना कुठे अडखळलात तर खालची पायरी पुढे ढकला किंवा मागच्या पायरीवर परत या. त्याला हार म्हणत नाहीत, तुमचा डोस सापडला असं म्हणतात.

रोजची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर करा. तारखेच्या चौकोनात तीन आकडे: डोस किती, झोप किती तास, आणि मूड उणे 3 ते अधिक 3. "600 / 6.5 / +1" एवढंच. झोपेचा आकडा पत्नीने भरावा, कारण चढत्या मूडमध्ये माणूस तीन तास झोपून "मस्त झोप झाली" म्हणतो आणि ते त्याला खरंच वाटत असतं.

इथेच लपवण्याचा बेत कोसळतो, सर. तुम्ही धरून चालला आहात की काही बिघडलं तर मला कळेलच. नैराश्य बहुधा कळतं. मेनिया कळत नाही. तो सुरू होतो तेव्हा बरं वाटतं, कामं भराभर होतात, आतला सपाटपणा गेला असं वाटतं. तुम्ही ज्याची वाट बघताय, अगदी तसंच ते दिसेल. "बघा, गोळ्या सोडल्या आणि मी जिवंत झालो," असं पहिल्या आठवड्यात वाटलं तर आनंद करण्याआधी झोपेचे तास मोजावे लागतील, आणि ते मोजणारं दुसरं कुणीतरी हवं.

म्हणून पत्नीसोबत बसून, आज मन शांत असताना, एक कागद लिहा. 2019 मध्ये तुमच्या आधी त्यांना काय दिसलं होतं, ते त्यांनाच विचारा. रात्री अडीचला कपाट आवरायला काढलं होतं? जुन्या मित्रांना लागोपाठ फोन? मुलीवर ओरडणं? नवी गाडी? त्यांच्या शब्दांत चार-पाच खुणा उतरवा आणि खाली कृती लिहा: "सलग दोन रात्री पाच तासांच्या आत झोप झाली आणि तरी थकवा नसेल, तर तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन. मी नको म्हणालो तरी." खाली तुमची सही. एक प्रत डॉक्टरांकडे द्या. या काळापुरती यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, क्रेडिट कार्ड त्यांच्याकडे ठेवा. पुढे कधी दाखल व्हायची वेळ आलीच तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि तुमच्या वतीने कोणी बोलायचं, हे आधी लिहून ठेवायचा अधिकार मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 तुम्हाला देतो. तोही वापरा.

तुमच्यासारख्याच विचारात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. सगळी मूडची औषधं लिथियमसारखी नसतात. व्हॅल्प्रोएट आणि कार्बामॅझेपिनही सावकाशच उतरवायची. फिट येण्याचा इतिहास असेल तर ती एकदम तोडल्यावर फिट उलटते. लॅमोट्रिजिनचा पाचेक दिवसांहून जास्त खंड पडला तर परस्पर जुन्या डोसवर परत जाऊ नका. अंगावर जीवघेणं पुरळ उठण्याचा धोका असतो, त्यामुळे ते पुन्हा 25 मिलिग्रॅमसारख्या लहान डोसपासूनच चढवावं लागतं. नैराश्याची गोळी आणि मूड स्थिर ठेवणारी गोळी दोन्ही चालू असतील, तर दुसरी काढून पहिली एकटी ठेवू नका, मेनियाला ते आमंत्रणच आहे. आणि सवय लागते ती क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांची. महिनोन्‌महिने घेतलेली ती गोळी एकदम बंद करणं वेगळ्या प्रकारे धोक्याचं असतं.

मूल हवं असलेल्या बायकांनी व्हॅल्प्रोएटबद्दल दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. गरोदरपणात ते चालू राहिलं तर सुमारे 10 टक्के बाळांत जन्मजात व्यंग आणि 30 ते 40 टक्क्यांत वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी आढळतात. बाळाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते, म्हणजे बहुतेकींना कळायच्या आत. तपासणीत दिवस गेल्याचं दिसलं तर घाबरून सगळ्या गोळ्या टाकू नका, त्याच दिवशी फोन करा. बाळंतपणानंतरचे आठवडे आजार उलटण्याचे असतात, त्यांची तयारी सातव्या-आठव्या महिन्यातच करायची.

दोन प्रसंगी मात्र हळूहळूचा नियम लागू नाही. लिथियमवर असताना हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, गुंगी असं काही झालं, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती विषबाधा असू शकते. लॅमोट्रिजिन घेताना पुरळ उठलं आणि सोबत ताप किंवा तोंडात फोड आले, तरीही तसंच.

आणखी एक, सर. लिथियममुळे आत्महत्येचा धोका कमी होतो, आणि ते सोडल्यावर, विशेषतः एकदम सोडल्यावर, तो वाढतो. जगणं नको असा विचार डोकावला तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी पत्नीला सांगायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक पत्नीच्या फोनमध्येही असू द्या.

तर 1 जानेवारीला गोळ्या बंद करू नका, त्याऐवजी त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. आधी लिथियमची 12 तासांची पातळी, क्रिएटिनिन, टीएसएच आणि कॅल्शियम करून रिपोर्ट सोबत न्या. एका कागदावर तक्रारी लिहा, फळ्यावरच्या रेघेपासून मुलीच्या मिठीपर्यंत, याच शब्दांत. "मी 1 तारखेपासून गोळ्या बंद करणार होतो" हेही सांगा. डॉक्टरांनी यापूर्वी असं पुष्कळदा ऐकलेलं असतं. रागावून, ऐकून न घेता जुनंच प्रिस्क्रिप्शन पुढे सरकवलं, तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत घ्या, पण तोवर गोळ्या चालू ठेवून. पत्नीला बरोबर न्या. पहिली दहा मिनिटं तुम्ही एकटे बोला, आणि मग त्यांना आत बोलवा.